पत्र्याकडून प्लास्टिककडे, आणि परत पत्र्याकडे

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दारात नवी गाडी पूजेला आली की बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, पुढच्या जाळीला झेंडूचा हार लागतो आणि चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. स्वस्तिक उमटतं ते पोलादी पत्र्यावर. हाराची फुलं टेकतात तो बंपर मात्र प्लास्टिकचा. दोन्हींचा रंग शोरूममध्ये अगदी एकसारखा दिसतो, पण ते दोन वेगळ्या कारखान्यांत, दोन वेगळ्या तापमानांना लागलेले असतात. चार-पाच पावसाळे आणि तेवढेच उन्हाळे गेले की हे गुपित फुटतं. पांढऱ्या गाडीचा बंपर किंचित पिवळट होतो आणि मागच्या दाराशी त्याचं जमेनासं होतं. बंपर कुठे घासला तर रंगाखालून काळं प्लास्टिक वर येतं, आणि मालकाला पहिल्यांदाच कळतं की हा भाग पत्र्याचा नव्हताच.

मग अख्ख्या गाडीचंच अंग प्लास्टिकचं का करू नये? रंगही वरून मारायला नको, तो प्लास्टिकमध्येच कालवायचा. म्हणजे ओरखडा आला तरी खालून तोच रंग दिसेल, पोक पडणार नाही आणि गंज तर नाहीच नाही. ही कल्पना भारतात सर्वांत चिकाटीने रस्त्यावर आणली गेली ती महिंद्राच्या नावाखाली. गाडी जन्मली बंगळुरूत, पण तिला भांडवल आणि आडनाव मिळालं ते मुंबईतून. महिंद्रा टॉवर्स वरळीत, डॉ. जी. एम. भोसले मार्गावर आहे. प्रभादेवीहून चालत जाण्याच्या अंतरावर. ही वाटचाल त्या घराण्याची, आणि खरं तर त्याच्या गाड्यांच्या अंगाची.

सुरुवात अर्थातच पत्र्याने झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली. पोलाद विकणाऱ्यांनी पोलादी गाडी जोडावी यात नवल नव्हतं.

त्या जीपचं अंग मुद्दाम सपाट ठेवलेलं होतं. युद्धात घाईघाईने हजारोंनी बनवायची म्हणून तिला वळणं कमी, घड्या जास्त. याचा फायदा पुढे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांना झाला. मडगार्ड चेपलं तर गावातला लोहार ऐरणीवर ठेवून ते सरळ करायचा. गोलाईदार मोटारींच्या बाबतीत हे जमत नाही. तिथे मुरलेला टिंकर लागतो आणि वर पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग अशी सगळी साग्रसंगीत उठाठेव. परळ, लालबाग, दादरच्या गल्ल्यांमधल्या गॅरेजांनी दोन-तीन पिढ्या या उठाठेवीवर काढल्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी त्यांना काम कधी कमी पडू दिलं नाही. समुद्र इतका जवळ की खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून दाराच्या तळाला आणि फ्लोअरला भोकं पाडायचे. टॅक्सीवाला त्यावर पत्र्याचे तुकडे वेल्ड करून घ्यायचा. पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियरची. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून कायमची गेली, तेव्हा लोकांनी तिच्या आठवणी काढल्या. त्या ठिगळांचा विषय कुणी फारसा काढला नाही.

पत्र्याच्या गाडीला गंजापासून वाचवणं हे कारखान्यातलं सर्वांत खर्चिक काम आहे. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून दारं, छत, बॉनेट घडवतात. मग ती वेल्डिंगने जोडतात. त्यानंतर अख्खं अंग रंगद्रव्याच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात आणि तो साधारण १७० ते १८० अंश सेल्सियसच्या भट्टीत पक्का करतात. मग प्रायमर, रंग, वर पारदर्शक लेप, आणि पुन्हा भट्टी. मोटार कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा खाणारा विभाग म्हणजे हाच पेंट शॉप. पाणी, द्रावकांच्या वाफा, धूळ बाहेर ठेवणारी हवा, सगळ्याचा हिशेब इथे चालतो.

प्लास्टिक या भट्टीत टिकत नाही. बंपरसारख्या भागांसाठी वापरलं जाणारं नेहमीचं प्लास्टिक त्या तापमानाच्या कितीतरी आधीच मऊ पडतं. म्हणून बंपर वेगळा रंगवून आणतात आणि शेवटी बसवतात. रंग जमत नाही ही तक्रार तिथूनच सुरू होते. पण अंगाचे सगळे बाहेरचे भाग प्लास्टिकचे केले, त्यांचा रंग आतच घातला आणि आत एक मजबूत पोलादी सांगाडा ठेवला, तर प्रेस शॉपही नको आणि पेंट शॉपही नको. छोट्या कंपनीच्या दृष्टीने ही फार मोठी सुटका असते, कारण या दोन विभागांतच तिचं भांडवल बुडतं.

हा हिशेब आपल्या आधी बऱ्याच जणांनी मांडला होता. पूर्व जर्मनीला पोलाद मिळेना म्हणून त्स्विकाऊच्या कारखान्याने ट्राबांट गाडीचं अंग फेनॉलच्या राळेत दाबलेल्या कापसाच्या चोथ्याचं केलं. १९५७ ते १९९१ या काळात अशा तीसेक लाख गाड्या निघाल्या. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला हे वाचून गंमत वाटेल. आपल्या गिरण्यांमधून जो 'वेस्ट' पोत्यांत भरून बाहेर जायचा, त्याच जातीच्या मालाच्या गाड्या तिकडे रस्त्यावर धावत होत्या. फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९६८ मध्ये मेहारी ही उघडी गाडी काढली. तिचं अंग एबीएस प्लास्टिकचं आणि रंग त्यातच मुरवलेला. शेतकरी, समुद्रकिनाऱ्यावरचे लोक, फौज, सगळ्यांनी ती घेतली. १९८७ पर्यंत सुमारे १,४५,००० गाड्या विकल्या गेल्या. मात्र उन्हात तिचा रंग फिका पडायचा आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकायचं. मुंबईच्या उन्हात काय होईल याची ती आगाऊ सूचनाच होती.

अमेरिकेत जनरल मोटर्सने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. याच कंपनीने १९२८ मध्ये शिवडीत भारतातला आपला पहिला जोडणी कारखाना सुरू केला होता. प्रभादेवीहून शिवडी म्हणजे परळ ओलांडलं की आलंच. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. तिकडे अमेरिकेत तिची १९५३ ची कॉर्व्हेट ही गाडी फायबरग्लासची होती. पहिल्या वर्षी ३०० गाड्या, सगळ्या जवळपास हाताने बनवलेल्या. १९९० मध्ये आलेल्या सॅटर्न गाडीची दारं आणि फेंडर प्लास्टिकचे होते, पण बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण पोलादीच ठेवलं होतं. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आपटलं तरी पोक येत नाही, हा जाहिरातीचा मुख्य मुद्दा. युरोपात १९९८ मध्ये आलेली स्मार्ट याच वाटेने गेली. आत पोलादी पिंजरा आणि बाहेर सुटे रंगीत भाग. लाल कंटाळवाणा झाला की पिवळे लावा.

आपल्याकडे ही वाट बंगळुरूच्या मैनी समूहाने धरली. चेतन मैनी मिशिगन विद्यापीठात शिकत असताना सौरगाडीच्या संघात होते. तिकडून परतल्यावर त्यांनी विजेच्या छोट्या गाडीचा ध्यास घेतला. १९९४ मध्ये अमेरिकी भागीदारासह रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी निघाली आणि २००१ मध्ये रेवा रस्त्यावर आली. दोन दारं, मागे मुलांपुरती जागा, सीटखाली शिसे-आम्लाच्या आठ बॅटऱ्या, एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटरच्या आसपास पल्ला. तिचं अंग एबीएसच्या भागांचं आणि आत पोलादी नळ्यांचा सांगाडा.

रेवाला प्लास्टिक का परवडलं हे आकड्यांतच दिसतं. पत्रा दाबायचे साचे प्रचंड महाग असतात. पण एकदा ते बसले की दर काही सेकंदांना एक दार बाहेर पडतं, आणि लाखभर गाड्यांवर साच्याचा खर्च वाटला की तो जाणवतही नाही. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढून घडवायची असेल तर साचा स्वस्त असतो, पण प्रत्येक नगाला मिनिटं लागतात. म्हणजे वर्षाला हजारेक गाड्या विकायच्या असतील तर प्लास्टिक, लाख विकायच्या असतील तर पोलाद. दहा-अकरा वर्षांत जगभर मिळून रेवाच्या साडेचार हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. इतक्या थोड्या गाड्यांसाठी प्रेस शॉप उभारणं म्हणजे मुंगीसाठी मांडव घालण्यासारखं झालं असतं.

लंडनमध्ये ही गाडी जी-विझ नावाने गाजली. २००३ मध्ये तिथे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर शुल्क बसलं आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे हजारेक लंडनकरांनी ती घेतली. पुढे २००७ मध्ये तिथल्या एका मोटार मासिकाने आणि सरकारच्या वाहतूक खात्याने केलेल्या धडक चाचण्यांमध्ये तिची अवस्था वाईट दिसली. लोकांनी निष्कर्ष काढला की प्लास्टिकची गाडी म्हणजे धोक्याची गाडी. हा निष्कर्ष चुकीचा होता, पण पक्का बसला. धडकेचा मार बाहेरचं दार किंवा फेंडर सोसत नाही. तो सोसतो सांगाडा. जी-विझ युरोपात क्वाड्रिसायकल, म्हणजे हलकी चारचाकी, म्हणून नोंदली जायची, आणि त्या वर्गाला मोटारीसारख्या धडक चाचण्यांचं बंधनच नव्हतं. स्मार्टच्या पिंजऱ्यावर केलेला खर्च तिच्यावर झालेला नव्हता. पत्र्याचं अंग असतं तरी निकाल फारसा बदलला नसता.

मे २०१० मध्ये महिंद्राने रेवात ५५.२ टक्के हिस्सा घेतला. वरळीच्या कार्यालयाने विजेच्या वाहनांचा नाद त्याआधीही केला होता. १९९९ मध्ये बिजली ही तीनचाकी काढून बघितली होती आणि ती चालली नव्हती. या वेळी डाव मोठा होता. बोम्मसंद्र इथे नवा कारखाना उभा राहिला, वर्षाला ३०,००० गाड्यांच्या क्षमतेचा. त्यात ना प्रेस शॉप, ना नेहमीचा पेंट शॉप. सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, अशा गोष्टींसाठी त्याचं कौतुकही झालं. मार्च २०१३ मध्ये दिल्लीत ई-टू-ओ ही तिथली गाडी बाजारात आली. दिल्ली सरकारच्या सवलतीनंतर किंमत ५.९६ लाख, लिथियम-आयन बॅटरी, १०० किलोमीटर पल्ला, ताशी ८१ किलोमीटरचा वेग. अंगाचे भाग रंग मुरवलेल्या प्लास्टिकचे, पोक न पडणारे.

ई-टू-ओचं दार अंगठ्याने दाबून बघितलं तर ते जरा आत जायचं आणि हात काढताच परत यायचं. काही लोकांना हे फार आवडायचं, काहींना बिलकुल नाही. सहा लाख मोजणाऱ्या माणसाला दार बंद करताना 'ठप्प' असा भरीव आवाज हवा असतो. प्लास्टिकचं दार तो आवाज देत नाही. गाडीच्या दर्जाविषयी आपलं मत कानाने बनतं, हे जाहिरातवाल्यांना माहीत असतं आणि अभियंत्यांना फार उशिरा कळतं. फटींचाही प्रश्न असतो. तापल्यावर एबीएस पोलादापेक्षा कितीतरी जास्त पसरतं. पहाटेच्या आणि उन्हात उभ्या गाडीच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो आणि एबीएसचा भाग दोन मिलिमीटरच्या पुढे. त्यामुळे दोन भागांमध्ये फट मोठी ठेवावीच लागते. आणि मोठ्या फटीची गाडी ग्राहकाला स्वस्तातली वाटते. सॅटर्नलाही याच फटींबद्दल टोमणे खावे लागले होते.

त्यात आपल्याकडे विम्याची मेख आहे, तिची चर्चा फार कमी होते. मोटार विम्याच्या दाव्यात पत्र्याच्या भागाला घसारा गाडीच्या वयानुसार लागतो. गाडी सहा महिन्यांच्या आत असेल तर शून्य, वर्षाच्या आत असेल तर ५ टक्के, मग हळूहळू वाढत जातो. फायबरग्लासच्या भागाला सरसकट ३० टक्के. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांना पहिल्या दिवसापासून थेट ५० टक्के. म्हणजे २०,००० रुपयांचं प्लास्टिकचं फेंडर बदललं तर १०,००० रुपये मालकाच्या खिशातून. हाच भाग पत्र्याचा असता आणि गाडी नवी असती, तर या घसाऱ्यापोटी काहीच गेलं नसतं. शून्य घसाऱ्याची जोडपॉलिसी घेतली तर हा भुर्दंड टळतो, पण ती वेगळ्या पैशांनी घ्यावी लागते. ज्या गाडीचं अर्धं अंग प्लास्टिकचं, तिला हा नियम जास्त बोचणार हे उघड आहे.

दुरुस्तीचीही तीच गत. छोटा धक्का प्लास्टिक सहज पचवतं, पोक परत बाहेर येतो. पण जोराचा धक्का बसला की ते चेपत नाही, तडकतं. तडकलेला भाग टिंकरच्या हातात देऊन उपयोग नसतो. तो बदलावा लागतो आणि नवा भाग मागवावा लागतो. गाड्या थोड्या असल्या की सुटा भाग यायला वेळ लागतो. रंग आतच असल्याने घासल्याची रेघ पॉलिशने पुसली जाते हे खरं, पण तडकलेल्या तुकड्याला पॉलिशने काय होणार? लालबागच्या गॅरेजातल्या कसबी माणसाला ठोकून, ताणून, पुट्टी भरून, रंग मारून जे करता येतं, त्याची इथे गरजच उरत नाही. या बाबतीत मी टिंकरच्या बाजूचा आहे हे मान्य करतो. पण या जुन्या कसबाचं रक्षण व्हावं म्हणून गंजकी गाडी चालवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

ई-टू-ओ पुढे दोन दारांवरून चार दारांवर आली. २०१६ मध्ये ई-टू-ओ प्लस आली, कंपनीचं नावही महिंद्रा इलेक्ट्रिक झालं. त्याच वर्षी महिंद्राने ई-व्हेरिटोही काढली. ती मूळ पेट्रोल-डिझेलच्या व्हेरिटोच्या पत्र्याच्या अंगात मोटर आणि बॅटरी बसवून केलेली गाडी. एकाच छताखाली दोन मतं नांदू लागली होती: नव्या प्लास्टिकच्या अंगात विजेचा संसार थाटावा, की आधीच साचे असलेल्या पोलादी अंगात. बोम्मसंद्रच्या कारखान्याची ३०,००० ची क्षमता कधी गाठली गेली नाही. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना समोरून धडकेची चाचणी पार करणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी ई-टू-ओ प्लसचं उत्पादन थांबलं. माझ्या मते गाडी प्लास्टिकमुळे पडली नाही. तिचा पल्ला तोकडाच राहिला, चार्जिंगच्या सोयी नव्हत्या आणि त्याच पैशांत लोकांना मोठी पेट्रोल गाडी मिळत होती.

मराठवाड्यातही असाच एक प्रयोग झाला. बजाज ऑटोने जानेवारी २०१२ मध्ये आरई-६० ही छोटी चारचाकी दाखवली, पुढे तिचं नाव क्यूट ठेवलं आणि वाळूजच्या कारखान्यात ती बनवली. २१६ सीसीचं इंजिन, वेग ताशी ७० पर्यंत मर्यादित, वजन चारेकशे किलो, आणि वर प्लास्टिकचे भाग. रिक्षाला पर्याय म्हणून ती आली होती, पण कोर्टकचेऱ्या आणि नियमांच्या गुंत्यात वर्षं गेली. वजन कमी करण्यासाठी प्लास्टिक निवडणं तिथे अगदी योग्य होतं, कारण क्वाड्रिसायकलच्या वजनावर कायद्यानेच मर्यादा होती.

आता महिंद्राच्या नव्या विजेच्या मोटारी चाकणला बनतात. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी दाखवलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांचा पल्ला शेकड्यांत आहे, किंमत लाखांच्या दोन आकड्यांत, आणि त्यांच्या अंगाचा मुख्य भाग पुन्हा पोलादाचा. विक्री मोठी अपेक्षित असली की प्रेस शॉपचा हिशेब बसतो; रेवाच्या काळात तो बसत नव्हता. घराण्याने मत बदललं असं म्हणण्यापेक्षा आकडा बदलला आणि उत्तर बदललं असं म्हणावं.

प्लास्टिकचं अंग मात्र महिंद्राने पुरतं टाकून दिलेलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या ट्रिओ या विजेच्या तीनचाकीचे भाग काचतंतू मिसळलेल्या, साच्यात दाबलेल्या प्लास्टिकचे आहेत; न गंजणारे आणि सहज पोक न पडणारे, असं कंपनी सांगते. रिक्षा दिवसभर दहा वेळा कुठे ना कुठे घासते, तिच्या दाराच्या आवाजावरून कुणी तिची पारख करत नाही आणि फटींकडे कुणी बघत नाही. मोटारीत ज्या कारणांनी प्लास्टिक नापसंत झालं, ती कारणं रिक्षात लागूच होत नाहीत. मुंबईत प्रवासी रिक्षांना माहीम आणि शीवच्या अलीकडे येण्यास मनाई आहे, त्यामुळे प्रभादेवीच्या रस्त्यांवर ट्रिओ प्रवासी नेताना दिसणार नाही. ती बघायची असेल तर वांद्र्यापर्यंत तरी जावं लागेल.